नाटकाच्या गावाला

दिवाळीच्या आठवड्यात मुळशी तालुक्यातल्या चांद्यात सगळ्यांचेच हात मातीत असतात. मोठी माणसं खाचरातल्या भाताच्या कापणीत गुंतलेली आणि पोरं किल्ल्याच्या बांधकामात. हिंजवडीच्या नोकऱ्यांमुळे नांदे-चांदे पट्ट्यात साताऱ्यापासून नांदेडपर्यंत चहूकडची कुटुंबं येऊन राहिली आहेत. घराघरांत फराळाच्या रिती वेगळ्या आहेत, चकली कुठे भाजणीची तर कुठे तांदळाची, पण किल्ला सगळ्यांच्याच पोरांना येतो. विटा, गोणपाट, चिखल, उतारावर पेरलेले अळीव, बुरुजावर चुन्याची रेघ आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज.

आता या बांधकामाला एक मोठं निमित्तही आहे. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तमिळनाडूत. शिवनेरी, लोहगड आणि राजगड तर पुणे जिल्ह्यातलेच. चांद्याच्या मुलांनी सुट्टीत चढलेला गड आता साऱ्या जगाच्या यादीत आहे.

किल्ला बांधून झाला की खरी मजा सुरू होते. मावळे जागचे हलू लागतात. कुणी दिंडी दरवाजावरच्या पहारेकऱ्याचा आवाज काढतो, कुणी खलिता घेऊन धावत येतो, धाकटी बहीण हट्टानं हिरकणी होते. कुणी शिकवलेलं नसताना मुलं नाटक करू लागतात. जागा समोर आहे म्हणून गोष्ट सुचते आणि गोष्ट आहे म्हणून चिखलाच्या ढिगाचा रायगड होतो.

मोठी माणसं मात्र जागा आणि गोष्ट यांची फारकत करतात. सुट्टीत कुटुंब गडावर जातं, माहितीफलक वाचतं, फोटो काढतं, पायथ्याला पिठलं-भाकरी खाऊन परततं. नाटक बघायचं तर ते शहरातल्या नाट्यगृहात, रविवारी दुपारी, तेही वर्षातून एखादं. गड आणि नाटक हे दोन वेगळे कार्यक्रम होऊन बसले आहेत. या दिवाळी अंकाचं आग्रहानं म्हणणं आहे की या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादं नाटक त्याच्या मूळ जागी जाऊन बघावं. जिवंत नटांचं, आणि ज्या राजवाड्यात, देवळाच्या ज्या प्रांगणात किंवा ज्या मांडावर, म्हणजे गावाच्या खेळाच्या जागी, ते पिढ्यान् पिढ्या उभं राहिलं त्याच्या सावलीत. महाराष्ट्रात अशा जागा भरपूर आहेत. त्यांना उणीव आहे ती पाहुण्यांची.

गड आणि नाटक यांच्या या फारकतीवर ध्वनिप्रकाशाचे खेळ हा पर्याय आहे, असं अनेकांना वाटतं. अनेक वारसास्थळी भिंतींवर रंगीत झोत पडतात आणि ध्वनिक्षेपकातून धीरगंभीर आवाज इतिहास सांगतो. माहिती मिळते, यात शंका नाही. पण तो आवाज काल जे बोलला तेच आज बोलतो. समोर बाळ रडलं, पाऊस आला, प्रेक्षकांतून दाद गेली तरी त्याला त्याची गंधवार्ता नसते. नट मात्र प्रेक्षकांकडे बघून श्वास घेतो. पुढच्या रांगेतलं मूल दचकलं तर राक्षस आणखी एक पाऊल पुढं टाकतो. बाबासाहेब पुरंदरे यांनी 1985 मध्ये ‘जाणता राजा’ मैदानात उभं केलं तेव्हा शेकडो कलावंत, घोडे आणि हत्ती घेऊन खटाटोप केला, तो याचसाठी. घोड्याच्या टापांनी उडालेली धूळ अंगावर आलेली मुलं तो प्रयोग विसरत नाहीत. आज चाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसं आपण कुणाच्या खांद्यावर बसून तो पाहिला, हे सांगतात.

तेव्हा सहल आखू या. चांद्याहून निघालेली गाडी म्हाळुंगे, बालेवाडी करत महामार्गाला लागली की खंबाटकी, सातारा, कराड मागे टाकत दुपारपर्यंत सांगलीला पोचते. मराठी नाटकाची सहल सुरू करायला यापेक्षा योग्य गाव नाही.

1842 मध्ये उत्तर कानडा भागातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांना तो खेळ आवडला आणि असंच काही मराठीत उभं करण्याचं काम त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णू अमृत तथा विष्णुदास भावे या तरुणावर सोपवलं. पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ झालं. सूत्रधार पदं म्हणे आणि त्या पदांच्या आधारानं पात्रं आपापली भाषणं ऐन वेळी रचत. आधी विदूषक, मग गणपती, मग सरस्वती, आणि त्यानंतर आख्यान. राक्षस आरोळ्या ठोकत येत. लिहिलेली संहिता नाही, नेपथ्य नाही, दिव्यांचा उजेड आणि माणसांचा आवाज एवढंच भांडवल. 1851 मध्ये अप्पासाहेब गेले आणि राजाश्रय सुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन वाट धरली आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. धंदेवाईक मराठी नाटक असं घर सोडल्यावर जन्माला आलं.

राजवाड्यातल्या त्या पहिल्या प्रयोगाच्या स्मरणार्थ 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळला जातो आणि सांगलीत त्या दिवशी एका ज्येष्ठ रंगकर्मीला विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. 2025 मध्ये मोठा सुंदर योग आला. 5 नोव्हेंबर या दिवशीच त्रिपुरी पौर्णिमा होती. देवळांच्या दीपमाळा पेटल्या त्याच रात्री रंगभूमीचाही सण होता.

सांगलीत मुलांना दाखवण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. शहराला लागूनच कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. संगमेश्वराचं देऊळ, चिंचेची जुनी झाडं, नदीत उतरणारा घाट. हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत शारदा’मध्ये देवलांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं दुःख मांडलं आणि लग्नाच्या बाजाराला घराघरांतून बोल लागला. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही सांगलीचेच, जन्म 1872 चा. एखाद्या संध्याकाळी हरिपूरच्या घाटावर बसून घरातल्याच माणसांनी ‘शारदा’तला एखादा प्रवेश मोठ्यानं वाचावा. आजीनं इंदिराकाकू व्हावं, नातीनं शारदा. रंगमंच लागत नाही, तिकीट लागत नाही. आठवी-नववीतल्या मुलीला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच वयाच्या मुलीचं बोलणं स्वतःच्या तोंडून ऐकू येतं, तेव्हा बालविवाहावरचा पाठ्यपुस्तकातला धडा तिला वेगळा कळतो.

सांगलीहून तासा-दीड तासात कोल्हापूर. इथे थांबायचं ते एका जखमेपाशी.

राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, तेव्हा तिथली नाट्यगृहं आणि रोममधली खेळाची जुनी प्रेक्षागारं त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली. परतल्यावर कोल्हापुरात खासबागेचं कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला खेटून 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. एका भिंतीच्या अलीकडे नाट्यपद आणि पलीकडे शड्डू. तालमीतला पैलवान आणि नाटकातला गायक एकाच राजाच्या मायेत वाढले. पुढे या वास्तूला केशवराव भोसले यांचं नाव देण्यात आलं.

केशवराव कोल्हापूरचे. जन्म 9 ऑगस्ट 1890. लहानपणीच नाटक कंपनीत दाखल झालेला हा मुलगा ऐन विशीच्या आत, 1908 मध्ये, हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढतो. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं. नाटक सांगलीच्या खाडिलकरांचं, केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक देशासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. पुढच्या तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं 31.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचं हे नाट्यगृह आगीत भस्मसात झालं. शंभरी ओलांडलेलं लाकूड, पडदे, खुर्च्या काही तासांत संपली. दगडी दर्शनी भाग तेवढा राहिला. त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या कोल्हापूरकरांमध्ये नट होते, रंगभूषाकार होते, पडदे ओढणारे कामगार होते, तशीच ज्यांचा रंगभूमीशी काही व्यवसायाचा संबंध नाही अशीही माणसं होती. घरातलं माणूस गेल्यासारखी ती रडत होती. कारण त्या सभागृहात त्यांच्या घराच्या चार पिढ्या बसल्या होत्या. आता पुनर्बांधणीचं काम सुरू आहे आणि साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे आहे.

अशी आग जगानं पूर्वीही पाहिली आहे. लंडनचं ग्लोब हे शेक्सपिअरच्या मंडळींचं नाट्यगृह 29 जून 1613 रोजी ऐन प्रयोगात जळालं. नाटकातल्या तोफेची ठिणगी गवती छपरावर पडली. मंडळींनी पुढच्याच वर्षी ते पुन्हा उभं केलं. नंतर धर्मनिष्ठांच्या राजवटीत नाट्यगृहं बंद झाली, ग्लोब पाडलं गेलं आणि ती जागा शतकानुशतकं इमारतींखाली गेली. सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटानं अनेक वर्षं झगडून, मूळ जागेच्या जवळ, ओक लाकडाचं आणि गवती छपराचंच ग्लोब पुन्हा बांधण्याचा ध्यास घेतला. ते 1997 मध्ये खुलं झालं. पाहायला तो स्वतः उरला नव्हता. आज तिथे शाळकरी मुलं उघड्या चौकात उभी राहून, पाऊस आला तर भिजत, नाटक बघतात. सुरक्षेचे आजचे सगळे नियम त्या गवती छपराला पाळायला लावले आहेत, हे विशेष. जुन्या वास्तूत नाटक करणं आणि ती वास्तू जपणं या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. कोल्हापूरच्या नव्या छपराखाली विजेची तारन् तार आणि पाण्याचा नळन् नळ तपासूनच पहिली घंटा व्हायला हवी. आणि ती झाली की त्या पहिल्या मोसमातला एक तरी प्रयोग बघायला पुण्या-मुंबईच्या, चांद्या-मुळशीच्या घरांनी जायला हवं.

कोल्हापूरहून फोंड्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरलं की हवा बदलते, भाषा बदलते आणि नाटकही बदलतं. सहलीचा सगळ्यात मोठा मुक्काम इथे ठेवावा.

दिवसा मालवण. पावसाळा सरला की किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पुन्हा सुरू होतात. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि तटाच्या आत आजही काही घरं नांदती आहेत. जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी हा एक. मुलांनी अंगणात बांधलेल्या किल्ल्याला समुद्र नव्हता, तो इथे भेटतो. पण सूर्य मावळला की होड्या थांबतात आणि किल्ला निजतो. मग पावलं वळवायची ती एखाद्या ग्रामदेवतेच्या जत्रेकडे.

सिंधुदुर्गातल्या जत्रा कार्तिकात सुरू होतात. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माउलीची, लोटांगणांसाठी प्रसिद्ध असलेली जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या पाठोपाठ येते. त्यानंतर उन्हाळा लागेपर्यंत आज या गावी तर उद्या त्या गावी असा फेरा चालू राहतो. ओट्या भरून होतात, पालखी प्रदक्षिणा घालते, देवळाबाहेर खाजाच्या पराती आणि चहाच्या टपऱ्या लागतात, आणि रात्र चढली की मांडावर मृदंगावर थाप पडते. दशावतार सुरू होतो. कोकणी माणूस त्याला मायेनं ‘धयकालो’ म्हणतो, कारण रात्रभराच्या खेळाचा शेवट पहाटे दहीकाल्यानं होतो.

आधी आडदशावतार. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते. मग काळ्या वेशातला संकासूर. वेद पळवणारा हा दैत्य मुलांचा फार लाडका, कारण तो भिवडवतोही आणि हसवतोही. त्यानंतर आख्यान. रामायण, महाभारत, पुराणं यांतली कुठलीही कथा. कंपनीकडे लिहिलेलं पुस्तक नसतं. कुठलं आख्यान लावायचं हे ठरतं, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो आणि पुढचं सगळं नटाच्या जिभेवर. देव आणि राजे भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, विनोदी पात्रं मालवणीत फटके मारतात. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच वाद्यं. एक साधं बाकडं, तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात आणि प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो. मुखवटे, मुकुट, शालू ज्या पेटाऱ्यातून येतात, त्या पेटाऱ्याची आधी पूजा होते. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, चेंदवणकर अशी कंपन्यांची नावं गावांवरून आणि घराण्यांवरून चालत आली आहेत. यांतले कितीतरी नट दिवसा शेतात, बागेत किंवा कामावर असतात आणि रात्री इंद्र, भीम, मोहिनी होतात.

सांगलीत जे ऐकलं ते आता आठवून पाहावं. सूत्रधाराचं गाणं, ऐन वेळी रचलेली भाषणं, आरंभीचे गणपती-सरस्वती, आरोळ्या ठोकणारा राक्षस. भाव्यांनी 1843 मध्ये ज्या घडणीचं नाटक केलं, तिचं सख्खं भावंड कोकणातल्या मांडावर अजून खेळतं आहे. सांगलीच्या राजवाड्यातला तो प्रयोग कसा दिसला असेल, याची सर्वांत जवळची कल्पना कुठल्याही संग्रहालयापेक्षा या मांडावर येते. सहलीत सांगली आणि सिंधुदुर्ग दोन्ही हवीत, ती यासाठी.

कुटुंबानं एकत्र बघण्यासाठी तर दशावतारापरता दुसरा खेळ नाही. मंडपात सतरंजी किंवा चटई टाकली की जागा झाली. आजीला कथा पाठ असते, तिचा जीव नट ती कशी वाढवतो यात गुंततो. बाप युद्धाची वाट बघतो, आई स्त्रीपार्टीच्या अभिनयाची तारीफ करते. पोर मध्यरात्री मांडीवर झोपतं आणि राक्षस आला की त्याला हलवून उठवतात. नाट्यगृहात लहान मूल घेऊन जाताना आईबापांचा जीव मुठीत असतो. मूल रडलं तर काय, उठून गेलं तर काय? इथे मूल हा खेळाचाच भाग. त्याला कुणी गप्प बसवत नाही, आणि म्हणूनच ते नाटक बघायला शिकतं.

2025 मध्ये शहरी मुलांची दशावताराशी एक ओळखही झाली. त्या वर्षी 12 सप्टेंबरला प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी उतारवयातल्या दशावतारी नटाची, बाबुली मेस्त्रीची, भूमिका केली. हेच प्रभावळकर एके काळी रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चिंची चेटकीण होऊन मुलांना घाबरवत असत. 2018 मध्ये ते बालनाट्य वैभव मांगले यांना घेऊन पुन्हा रंगभूमीवर आलं आणि आईबापांनी मुलांचे हात धरून नाट्यगृहं भरली. मराठी घर मुलांना नाटकाला नेत नाही, ही तक्रार त्यामुळे पूर्ण खरी मानता येत नाही. चांगलं काही आहे असं कळलं की घर निघतं. चित्रपटगृहात बाबुलीसाठी डोळे पुसलेल्या मुलांना आता खऱ्या मांडावर न्यायचं एवढंच उरलं आहे.

परतीच्या वाटेवर सावंतवाडीच्या राजवाड्यात जरूर थांबावं. तिथे गंजिफा रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येकाची 12 पानं, एकूण 120 गोल पानं. रात्री मांडावर पाहिलेले मत्स्य, कूर्म, नृसिंह मुलांना सकाळी हातात धरता येतात.

मराठी मुलखाबाहेर पाहिलं तर, प्रेक्षक चालत चालत ऐतिहासिक स्थळी नाटक बघतात, याचा भारतातला सर्वांत मोठा नमुना वाराणसीच्या पैलतीरावरच्या रामनगरात आहे. काशीनरेशांच्या आश्रयानं एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली तिथली रामलीला महिनाभर चालते. गावातल्या वेगवेगळ्या जागा अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका म्हणून ठरलेल्या आहेत. प्रसंग बदलला की राम-लक्ष्मण चालू लागतात आणि हजारो माणसं पाठोपाठ. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाहीत, कंदील आणि मशाली. नेमी, म्हणजे नेमानं येणारे लोक, रामचरितमानसाची पोथी घेऊन येतात. युनेस्कोनं रामलीलेची दखल मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून घेतली. तिथल्या गावकऱ्यांना तो बहुमान नंतर कळला, त्याआधी कित्येक पिढ्या त्यांची मुलं बापाच्या बोटाला धरून जनकपूरहून लंकेपर्यंत चालत होती.

महाराष्ट्राच्या किल्ल्यांवर असं काही का होऊ नये, हा प्रश्न आता विचारायला हवा आणि त्याचं उत्तर जबाबदारीनं द्यायला हवं. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालच्या वास्तू 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली येतात. तिथे कार्यक्रमाला परवानगी लागते, सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो, तटाला खिळा ठोकता येत नाही. ही बंधनं योग्यच आहेत. चुन्याच्या जुन्या भिंतीला मोठ्या ध्वनिक्षेपकांचा दणका आणि हजारोंची रेटारेटी सोसणार नाही. मात्र याच चौकटीत बसणारं नाटकही असतं. पाच-सात नट, हलगी किंवा डफ, भर दुपारचा उजेड, गडाच्या पायथ्याशी गावाच्या पारावर शे-दीडशे प्रेक्षक. पोवाडा याच मापाचा आहे. पायथ्याच्या गावांतल्या शाळांनी, तिथल्या तरुण मंडळांनी आपल्या गडाची एक गोष्ट बसवावी आणि ठरलेल्या रविवारी करावी. मुळशीत कोरीगड, घनगड, कैलासगड आहेत. याच तालुक्यात 1921 पासून सेनापती बापटांनी धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह लढवला. घर-शेत पाण्याखाली जाणाऱ्या माणसांची ती कथा धरणाच्या काठी, जमीन गमावलेल्यांच्या पणतवंडांनी उभी केली तर ती बघायला चांद्याचीच नव्हे, पुण्याचीही घरं येतील. चैत्रातल्या जत्रांत तमाशाचा फड लावणाऱ्या तालुक्याला नाटकाचं आयोजन नवीन नाही.

जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यावर किल्ल्यांकडे पैसा आणि पर्यटक दोन्ही येतील. रस्ते होतील, वाहनतळ होतील, स्वच्छतागृहं होतील, आणि ती व्हायलाच हवीत. त्या आराखड्यात पायथ्याच्या गावांतल्या कलावंतांचं मानधन हीही एक ओळ असावी, अशी या अंकाची मागणी आहे. दशावतारी कंपनी पेटारा बांधून पुढच्या जत्रेला निघते, तेव्हा तिच्या गाडीचं इंधन आणि नटाच्या घरचा किराणा जत्रेच्या बिदागीतूनच भागायचा असतो. पाहुण्या कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावं. जत्रेत तिकीट नसतं, पण देवळाच्या पावतीपुस्तकावर आणि कलावंताच्या हातात दिलेले पैसे योग्य जागी पोचतात. रंगपटात विचारल्याशिवाय कॅमेरा नेऊ नये. देवळाचा रिवाज आधी विचारून घ्यावा. खेळ चालू असताना मोबाईलचा प्रकाश नटाच्या डोळ्यांत मारू नये.

विदर्भातल्या वाचकांना एवढ्या दूर येण्याचीही गरज नाही. भाऊबीजेपासून झाडीपट्टीचा मोसम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं केंद्र. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्तानं गावोगाव लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि रात्रभर नाटक चालतं. धान घरात आल्यावर साऱ्या गावानं मिळून नाटक बघायचं, ही तिथली रीत. या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. नागपूर, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या घरांनी नाटकाच्या जोडीला वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या प्राचीन मंदिरांचं दर्शन घ्यावं. शिल्पं दिवसा, नाटक रात्री.

मराठी माणसानं दिवाळी आणि नाटक यांची सांगड फार पूर्वीच घातली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी रंगमंचावर आले, ते दिवाळीच्याच दिवसांत. फराळ करून माणसं नाटकाला गेली आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं.

 भाऊबीज ते त्रिपुरी पौर्णिमा हे दिवस तयारीला पुरेसे आहेत. जत्रेची तारीख देवस्थानाकडे किंवा त्या गावच्या ओळखीच्या माणसाकडे विचारावी, कारण काही ठिकाणी ती कौल घेऊन ठरते. रात्र मोठी असते, तेव्हा मुलांसाठी शाल, एक चटई, पाण्याच्या बाटल्या आणि उरलेल्या फराळाचा डबा बरोबर घ्यावा. आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नये, आख्यानातली नाती मुलांना तेच समजावून सांगतात. आणि परतल्यावर मुलांना आपण पाहिलेलं आख्यान इमारतीच्या गच्चीवर करून दाखवायचं असेल, तर शेजाऱ्यांनी खुर्च्या सोडून खाली चटईवर बसावं.